म्हातारपणाच्या पुंजीवरील अडत

(दादर येथे ज्येष्ठ नागरिक आणि तरुण नोकरदार यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नरिमन पॉइंट येथे आयुर्विमा महामंडळाचे मुख्यालय आहे. त्या वास्तूचे नाव ‘योगक्षेम’. नाव ठेवणाऱ्याची दृष्टी नेमकी होती असे म्हणावे लागेल. जे जवळ नाही ते मिळविणे म्हणजे योग आणि जे मिळाले त्याचे रक्षण करणे म्हणजे क्षेम, असा या जोडशब्दाचा अर्थ आपल्या भाष्यकारांनी लावला आहे. गिरगावच्या, दादरच्या, परळ-लालबागच्या माणसाने यांतले पहिले काम जन्मभर इमानेइतबारे केले. पाळी कधी चुकविली नाही, सकाळचा डबा घेऊन फोर्टातली कचेरी गाठायला उशीर केला नाही. क्षेमाचे काम मात्र त्याने नेहमी दुसऱ्यावर सोपविले. कधी सरकारवर, कधी गिरणीमालकावर, कधी बँकेवर, तर अलीकडे विमा प्रतिनिधीवर. सोपविण्यात गैर काहीच नाही. ज्याने आपले काम केले त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु हा मोबदला किती, तो कोणाच्या खिशातून जातो आणि जाताना त्या खिशाच्या धन्याला कळते का, हे प्रश्न आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. निवृत्तिवेतन योजनांवरील शुल्क हा विषय म्हणूनच रूक्ष वाटला तरी घराघरातला आहे.

घाटावरचा शेतकरी मुंबईच्या बाजारात माल पाठवितो तेव्हा त्याच्या हाती पट्टी येते. वर मालाचे वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाहतूक, अडत. शेवटी हाती आलेली रक्कम. शेतकरी ती पट्टी पाहून चिडतो, पण निदान आकडा पाहून चिडतो. त्या चिडण्यालाही काही किंमत असते. फळे आणि भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय महाराष्ट्रात २०१६ साली झाला तो त्यातूनच. निवृत्तीसाठी दरमहा पैसे बाजूला टाकणाऱ्या पांढरपेशाच्या हाती अशी पट्टी येत नाही. निधी सांभाळण्याचे शुल्क निधीच्या दररोजच्या मूल्यातूनच परस्पर वळते होते आणि उरलेला आकडा ‘एनएव्ही’ म्हणून छापला जातो. जे गेले ते कधी आपले होते, हेच त्याला ठाऊक नसते.

वास्तविक भविष्याची तरतूद कोणत्या दराने विकत घ्यायची, हा या शहरात एकेकाळी स्वाभिमानाचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत आणि उतरविलाच तर त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही संस्था याच मुंबईत निघाली आणि हिंदी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवू लागली. आजच्या भाषेत सांगायचे तर शुल्काविरुद्धचे ते एक स्वदेशी उत्तरच होते. पुढे १९५६ साली आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दराचा प्रश्न जणू सरकारदरबारी जमा झाला. सामान्य माणसाने तो विचारणे सोडून दिले.

गिरणगावाची गोष्ट थोडी निराळी आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने आरंभी जे सहा उद्योग कवेत घेतले, त्यांत कापड उद्योग होता. गिरणी कामगाराच्या पगारातून हिस्सा कापला जाई, तितकाच मालक घाली. या व्यवस्थेतील एक बारकावा आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. निधीच्या कारभाराचा खर्च कामगाराच्या पुंजीतून घ्यायचा नाही, तो मालकाने वेगळा भरायचा, अशी त्यात तरतूद आहे. वेतनाच्या १.१० टक्के असलेला हा आकार २०१५ मध्ये ०.८५, २०१७ मध्ये ०.६५ आणि जून २०१८ पासून ०.५० टक्के झाला. कामगाराच्या खात्याला त्याची झळ नाही. या कायद्यावर आणि संघटनेच्या कारभारावर टीका करायला पुष्कळ जागा आहे, पण क्षेमाचा खर्च कोणी सोसायचा याचे उत्तर त्या कायद्याने माणुसकीने दिले होते.

तरीही ती केवळ पुंजी होती, निवृत्तिवेतन नव्हते. १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत कामगाराच्या मृत्यूनंतर घरच्यांना आधार मिळे. जिवंत कामगाराला दरमहा वेतन देणारी योजना आली ती १६ नोव्हेंबर १९९५ ला. तोवर गिरणगाव उद्ध्वस्त झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतले हजारो पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. त्यांचा निधी मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या कौलांत, भावाच्या आजारपणात विरघळला. ज्यांची सेवा १९९५ च्या योजनेत कशीबशी बसली, त्यांच्या निवृत्तिवेतनाचे आकडे इतके लहान होते की, दरमहा किमान एक हजार रुपये द्यावेत असा निर्णय सरकारला २०१४ साली घ्यावा लागला. हजार रुपयांत लालबागमध्ये महिन्याचे औषधही येत नाही.

दादर-गिरगावच्या पांढरपेशांना वाटे की, ही गिरणगावची व्यथा, आपल्याला सरकारी निवृत्तिवेतन आहे. ती भिंतही पडली. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी जुनी, शेवटच्या पगारावर ठरणारी व्यवस्था बंद झाली. वडिलांना दरमहा ठरलेली रक्कम मिळत होती आणि ती कशी येते हे त्यांना पाहावे लागत नव्हते. मुलाला मिळते ते एक खाते. त्यातला निधी किती वाढेल हे बाजार ठरविणार आणि किती उरेल हे शुल्क ठरविणार. बाजार कोणाच्या हाती नाही. शुल्क मात्र माणसानेच लावलेले असते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला, तो सरकारी सेवकांपुरता. खासगी कचेरीतला कारकून, दुकानातला विक्रेता, घरगुती शिकवण्या घेणारी शिक्षिका यांच्या वाट्याला खातेच आहे.

याच काळात विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि विम्याची व शेअर बाजाराची सांगड घालणाऱ्या ‘युलिप’ योजनांचा पूर आला. निवृत्तीसाठी म्हणून या योजना किती घरांत शिरल्या, याचा अंदाज जुन्या कपाटांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उघडल्यावर येतो. त्या माहितीपत्रकांतली आकारांची यादीच पाहावी. हप्ता गुंतविण्यापूर्वीच कापला जाणारा प्रीमियम ॲलोकेशन चार्ज, दरमहाचा पॉलिसी ॲडमिनिस्ट्रेशन चार्ज, विम्याच्या जोखमीचा मॉर्टॅलिटी चार्ज, निधी सांभाळण्याचा फंड मॅनेजमेंट चार्ज, आणि मध्येच बाहेर पडू पाहणाऱ्यासाठी सरेंडर चार्ज. हमाली-तोलाईची यादी यापुढे फिकी पडावी. काही योजनांत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून चाळीस टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक रक्कम आरंभीच कापली जाई. म्हणजे तीस हजारांचा हप्ता भरणाऱ्याचे प्रत्यक्षात अठरा हजारच कामाला लागत. बाजार वर्षाला पंधरा टक्क्यांनी चढला तरी त्या अठरांचे पुन्हा तीस व्हायला चार वर्षे जवळ जवळ निघून जातात, आणि तेवढ्यात ‘तीन वर्षे भरा आणि थांबा’ या सल्ल्यानुसार थांबलेला ग्राहक हात हलवीत बाहेर पडलेला असतो.

यासाठी प्रतिनिधीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तो तर बहुधा त्याच चाळीतला असतो. निवृत्त शिक्षक असतो, बँकेतल्या नोकरीला जोडधंदा करणारा गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असतो, कधी विधवा भगिनी असते. त्यांनी कायद्याने ठरविलेला मोबदला घेतला. तो कायदा काय म्हणत होता ते पाहण्यासारखे आहे. १९३८ च्या विमा कायद्याने अनेक दशके घालून दिलेली मर्यादा अशी होती: साध्या आयुर्विमा पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत दलाली, नव्या कंपनीस पहिल्या दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत, आणि हप्त्याहप्त्याने घेतलेल्या निवृत्तिवेतन पॉलिसीवर मात्र साडेसात टक्केच. कायदा करणाऱ्यांनी म्हातारपणाच्या पुंजीला कमी कात्री लागावी म्हणून हे केले असेल. पण विकणाऱ्याने दारात आल्यावर पिशवीतून कोणता कागद आधी काढायचा, हेही त्याने ठरून गेले. ‘काका, हेच तुमचे पेन्शन समजा’ या वाक्यात ‘समजा’ हा शब्द केवढे काम करतो!

२०१० साली हा विषय चव्हाट्यावर आला. त्या वर्षी ९ एप्रिलला ‘सेबी’ने चौदा विमा कंपन्यांना आपल्याकडे नोंदणी केल्यावाचून युलिप विकण्यास मनाई केली. विमा नियामकाने कंपन्यांना उलट आदेश दिला. दोन सरकारी नियामक एकमेकांसमोर उभे ठाकलेले पाहून शेवटी सरकारने जूनमध्ये वटहुकूम काढला आणि युलिप विमा नियामकाकडेच राहिल्या. हक्काचे भांडण विमा नियामकाने जिंकले, परंतु त्याला घर आवरावे लागले. १ सप्टेंबर २०१० पासून किमान मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, मध्येच बाहेर पडण्याच्या आकाराला मर्यादा आली, आणि सर्व आकार मिळून परताव्यातली घट दहा वर्षांच्या योजनेत तीन टक्क्यांपेक्षा व पंधरा वर्षांहून दीर्घ योजनेत सव्वादोन टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे ठरले. त्याआधीच, १ ऑगस्ट २००९ पासून, म्युच्युअल फंडात शिरतानाच घेतला जाणारा सव्वादोन टक्क्यांपर्यंतचा ‘एंट्री लोड’ सेबीने बंद केला होता.

तोवर किती पाणी वाहून गेले होते? मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या अभ्यासकांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळातील विमा पॉलिसींच्या चुकीच्या विक्रीचा हिशेब मांडला. मध्येच बंद पडलेल्या पॉलिसींमुळे ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये बुडाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. ही रक्कम कोणी चोरून नेली नाही. ती नियमांत बसवून, सह्या घेऊन, पावत्या देऊन गेली.

आता ज्या सव्वादोन-तीन टक्क्यांना ‘मर्यादा’ म्हटले जाते, त्यांचा अर्थ काय होतो ते एकदा पाटीवर मांडून पाहू. परळच्या एखाद्या खासगी रुग्णालयातील तिशीतली परिचारिका घ्या. ती महिन्याला एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये बाजूला टाकते. तीस वर्षांत तिने घातलेले पैसे होतात ३ लाख ६० हजार. गुंतवणुकीवर वर्षाला नऊ टक्के वाढ मिळाली आणि शुल्क मुळीच नसले, तर साठाव्या वर्षी तिच्या हाती सुमारे १६ लाख ३६ हजार पडतील. शुल्क एक टक्का असेल तर १३ लाख ५९ हजार. दोन टक्के असेल तर ११ लाख ३४ हजार. दोन टक्क्यांनी खाल्ले ५ लाख रुपये! तिने स्वतः तीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन जेवढे घातले, त्याहून कितीतरी अधिक. आणि शुल्क दशांश टक्का, म्हणजे शेकडा दहा पैसे असते, तर तूट झाली असती तीस हजारांची.

शेकडा दोन ऐकताना किरकोळ वाटतात, कारण मनात आपण ते एकदाच द्यायचे समजतो. प्रत्यक्षात ते दरवर्षी द्यायचे असतात, आणि त्या वर्षीच्या हप्त्यावर नव्हे तर आजवर साठलेल्या साऱ्या निधीवर. शिवाय ते जातात कोणत्या भांड्यातून? नऊ टक्के मिळकतीतून दोन गेले म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा गेला. त्या नवांपैकी सहा महागाईने आधीच गिळलेले असतील तर खरी वाढ उरते तीन टक्के, आणि त्या तिनांतले दोन सांभाळणाऱ्याचे. अर्धेलीने जमीन कसायला देणारा शेतमालकसुद्धा याहून बरा सौदा करतो.

ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांनी मुलांनाही विचारून पाहावे. तिथल्या श्रम खात्याने नोकरदारांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असेच उदाहरण आहे: पस्तीस वर्षांच्या काळात शुल्कात केवळ एका टक्क्याचा फरक पडला तर निवृत्तीची पुंजी २८ टक्क्यांनी घटते. ब्रिटनची कथा तर गिरणगावच्या मनाला भिडणारी आहे. १९८८ नंतर तिथे खासगी वैयक्तिक पेन्शन योजनांची जोरदार विक्री झाली. कोळसा खाणीतले कामगार, पोलाद कारखान्यातले कामगार, शिक्षक, परिचारिका यांना मालकाच्या भक्कम योजनांतून बाहेर काढून महाग योजनांत नेण्यात आले. चूक उघडकीला आल्यावर कंपन्यांना दहा अब्ज पौंडांहून अधिक भरपाई द्यावी लागली. त्या अनुभवाने शहाणे होऊन ब्रिटनने एप्रिल २०१५ पासून नोकरदार ज्या योजनांत आपोआप दाखल होतात, त्यांतील प्रचलित निधीवर वर्षाला पाऊण टक्क्याची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे दीड लाख कोटींचा अंदाज निघाला, पण ज्यांचे गेले त्यांना घाऊक भरपाई मिळाली नाही.

मग स्वस्त योजना काढली की प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. तसा प्रयोगही झाला, आणि तो आपल्याच देशात झाला. १ मे २००९ रोजी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस, सर्व नागरिकांना खुली झाली तेव्हा निधी व्यवस्थापनाचे शुल्क बोलीतून ठरले होते ०.०००९ टक्के. लाख रुपये वर्षभर सांभाळण्याचे नव्वद पैसे! जगात कुठे इतके स्वस्त क्षेम मिळत असेल असे वाटत नाही. आणि तरीही ती योजना कोणी घेईना, कारण ती कोणी विकेना. बँकेच्या खिडकीवर चौकशी केली तर कारकून दुसऱ्याच योजनेचे पत्रक पुढे सरकवी. नोंदणीचे चाळीस रुपये आणि पुढच्या प्रत्येक व्यवहाराचे वीस, एवढ्यासाठी समजावून सांगायला वेळ कोण घालवणार? सेबीचे माजी अध्यक्ष जी. एन. बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही हेच दुखणे नोंदविले: विकणाऱ्याला काहीच मिळत नसेल तर योजना लोकांपर्यंत पोहोचत नाही.

त्यातही एक मेख होती. टक्केवारी नगण्य असली तरी खाते राखण्याचा आकार सपाट होता, वर्षाला साडेतीनशे रुपये. वर्षाला एक लाख घालणाऱ्या दादरच्या डॉक्टरला तो जाणवलाही नसता. पण त्या वेळच्या नियमानुसार किमान सहा हजार भरणाऱ्या लालबागच्या फेरीवाल्याच्या त्या वर्षीच्या बचतीतून जवळ जवळ सहा टक्के या एकाच आकाराने गेले असते. स्वस्त योजना कोणासाठी स्वस्त, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पोस्टाचा अनुभवही हेच सांगतो. पीपीएफ खात्यावर खातेदाराला शुल्क जाणवत नाही. परंतु १ डिसेंबर २०११ पासून पीपीएफवरची एक टक्का आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवरची अर्धा टक्का दलाली सरकारने बंद केली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील भगिनींना आवर्ती ठेवीवर मिळणारे चार टक्के मात्र ठेवले. ही दलाली सरकार देते, ठेवीदाराच्या खात्यातून ती कापली जात नाही. तेव्हा चाळीच्या जिन्यावर दरमहा येणारी बाई आवर्ती ठेवीचेच नाव घेत असेल तर त्यात नवल नाही. तिचीही दिवसभराची पायपीट असते. तिला चार पैसे मिळणे योग्यच आहे. फक्त तिच्या तोंडी कोणत्या योजनेचे नाव येते आणि का येते, हे ऐकणाऱ्याने जाणावे. पीपीएफचा व्याजदरही १९८६ ते २००० या काळातील बारा टक्क्यांवरून उतरत एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आला. शुल्क नाही याचा अर्थ परतावा पुरेसा आहे असा होत नाही, हेही याच ओघात सांगून ठेवलेले बरे.

साठी गाठल्यावर दुसरा टप्पा येतो, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. एनपीएसमधल्या निधीपैकी काही भाग देऊन विमा कंपनीकडून आयुष्यभराचे वेतन, म्हणजे ॲन्युइटी, विकत घ्यावी लागते. पूर्वी हा भाग किमान ४० टक्के होता, बिगर-सरकारी सभासदांसाठी तो डिसेंबर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आणला गेला. ॲन्युइटीत शुल्क नावाची ओळच नसते. कंपनीचा खर्च, दलाली, नफा, सारे ती देऊ करीत असलेल्या दरमहाच्या आकड्यात आधीच विरघळलेले असते. म्हणून इथे विचारायचा प्रश्न एकच: लाख रुपयांना दरमहा किती? तो चार कंपन्यांना विचारावा, तोही एकाच प्रकारासाठी. मूळ रक्कम वारसांना परत देणारा प्रकार आणि न देणारा प्रकार यांची तुलना करून फसगत करून घेऊ नये. एकदा सही झाली की हा सौदा सहसा फिरविता येत नाही, आणि तो ज्या वयात करायचा असतो त्या वयात मुलगा किंवा सून ‘बाबा, इथे सही करा’ म्हणून बोट ठेवतील तिथे सही होते.

ज्या वस्तीत हे चालते तिथल्या गृहिणी हिशेबाला कच्च्या आहेत काय? मुळीच नाही. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने याच मराठी घरांतून दहा-वीस कुटुंबांचे संघ बांधले, घाऊक बाजारातून गहू, तांदूळ, डाळी आणून मधल्या हातांवाचून वाटल्या. किलोमागे आठ आणे वाचतात म्हणून ज्या घरांनी महिन्याचे सामान स्वतः मोजून घेतले, त्याच घरांत पुरुषमाणसाने पाच लाखांची अडत न विचारता दिली. डाळीचा भाव दिसत होता, अडतीचा दिसत नव्हता. संघाच्या पुढच्या बैठकीत सामानाच्या यादीबरोबर प्रत्येकाने आपापल्या पॉलिसीचे आणि निधीचे वार्षिक पत्रक आणले, आणि त्यात एकूण वार्षिक खर्च शेकडा किती, आज बाहेर पडलो तर हाती किती आणि हप्ता थांबविला तर काय होते, एवढ्या तीन ओळी शोधल्या, तर त्या घरांना कोणत्याही सल्लागाराची गरज भासणार नाही. जी पत्रके या तीन ओळी सांगत नाहीत, त्यांच्या कंपनीला पत्र लिहावे. पोस्टकार्ड लिहिणारी पिढी अजून आपल्यात आहे.

काही दारे किलकिली झालीही आहेत. जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांना दलालीविना ‘डायरेक्ट’ योजना ठेवणे बंधनकारक झाले. ज्याला स्वतः अर्ज भरता येतो त्याचा वर्षाचा खर्च त्याने कमी होतो. ज्याला येत नाही त्याने समजावून सांगणाऱ्याला उघडपणे फी द्यावी, ती परस्पर जाण्यापेक्षा बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा पॉलिसींवरील वस्तू व सेवा कर उठला, म्हणजे आकारांवर बसणारा आणखी एक आकार गेला.

मात्र एनपीएसच्या शुल्काचा आलेख पाहणाऱ्याने सावध राहावे. एक लाखाच्या निधीवर वर्षाला निधी व्यवस्थापकाचे किती? २००९ मध्ये नव्वद पैसे. २०१२ मध्ये खासगी क्षेत्रासाठी मर्यादा वाढविली, ती अडीचशे रुपये. २०१४ मध्ये पुन्हा बोली लागली आणि दहा रुपये झाले. २०२१ च्या नव्या टप्प्यांनुसार जास्तीत जास्त नव्वद रुपये. ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या बहुयोजना चौकटीतील नव्या योजनांत तीनशे रुपयांपर्यंत मुभा. तीनशे रुपये म्हणजे ०.३० टक्के, युलिपच्या सव्वादोन टक्क्यांपुढे हे आजही फारच थोडे. विकणाऱ्याला काही मिळाल्यावाचून योजना चालत नाही, हे बाजपेयी समितीने सांगितले होतेच, आणि त्याच तर्काने हा आकडा वाढला आहे. परळच्या त्या परिचारिकेने निवृत्त होईपर्यंत तो आणखी किती वेळा बदलेल, हे तिला दरवर्षीच्या पत्रकात स्वतःच पाहावे लागेल.